स्टिअरिंग सोडून नमस्कार

आमच्या घरमालकांच्या मोटारीत बसायचं, तर आधी पायातल्या वहाणा काढाव्या लागत. दसऱ्याला तिची पूजा होई. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढलेले असत आणि समोरच्या काचेखाली पितळेची एक लहान समई ठेवलेली असे. ती पेटवलेली मी कधी पाहिली नाही, पण खड्डा आला की ती घरंगळून नेमकी माझ्या पायावर पडे. "पूजा केल्या जागी चपला घालून बसता का तुमी?" असा मालकांचा सवाल होता. म्हणून मोटारीच्या डाव्या अंगाच्या लांब पायरीवर सगळ्यांच्या वहाणा ओळीनं मांडायच्या, वरून सुतळी आवळायची आणि मग अनवाणी आत चढायचं. सोलापुरात ही मोटार लांबूनच ओळखू येई. लोक म्हणत, देवळाला चाकं लावून फिरवतायत.

मी त्यांचा भाडेकरू. माडीवरच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. मी एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे लिहिणं माझं काम. या कामानं मला एक खोड लागली, ती अजून गेलेली नाही. 'शंभरेक माणसं जमली होती' असं कोणी म्हटलं, की माझ्या तोंडून 'मोजली का?' असं निघून जातं. लग्नकार्यात मला लोक फार वेळ जवळ बसवून घेत नाहीत. मालकांना मात्र ही खोड आवडायची. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. 'हिशेबनीस' म्हणत.

ते सुताचे व्यापारी, जातीनं लिंगायत. घरात कानडी, पेढीवर मराठी, पद्मशाली विणकरांशी तेलुगू, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात सहज फिरत. मोटारीशी ते कानडीच बोलत. तिला मराठी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. चढ आला की पुढे वाकून ते हळूच म्हणत, "बा तायी, बा." म्हणजे 'ये आई, ये'. आणि खरं सांगायचं तर ती येई. मराठीत मी एकदा म्हणून पाहिलं, तेव्हा ती बंद पडली. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण झालं ते असं.

मोटार त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका गिरणीच्या गोऱ्या इंजिनिअराकडून घेतली होती. घेतली खरी, पण ठेवायची कुठं? घरामागच्या गोठ्यात अक्कांची म्हैस होती. अक्का म्हणजे मालकीणबाई. एक दिवस अक्का माहेरच्या लग्नाला गेल्या आणि परत आल्या तेव्हा गोठ्यात दावणीपाशी मोटार उभी होती. म्हैस होटगीला, मालकांच्या भाच्याकडे पोचलेली होती. अक्का रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. संध्याकाळ झाली तशी त्यांनी नेहमीसारखी पेंड भिजवली, पाटी उचलली आणि ती मोटारीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. ती तिथं दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः ती उचलली.

पुढं दर पंधरवड्याला होटगीहून तुपाची बरणी येई. बरणी उघडताना अक्का घरात कोणाकडे न बघता म्हणत, "आपल्याच म्हशीचं तूप पावण्यासारखं घ्यायचं." एवढंच. पण मालकांचा घास तोंडाजवळ थांबे.

पाण्याच्या बाबतीत मोटारीचे लाड होते. मालक स्वतः कुठल्याही विहिरीचं पाणी पीत. मोटारीला मात्र सोलापूरचंच पाणी. "पाणी बदललं की पोट बिघडतं," असं ते म्हणत. म्हणून लांब जायचं असलं की मागच्या सीटवर अक्कांच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे माठ असत. तहान लागली म्हणून अक्कांनी एकदा त्यातलं पाणी प्यायलं, तेव्हा मालक म्हणाले, "तिला पुरंल का बघ की." तिला म्हणजे मोटारीला. अक्का म्हणाल्या, "मला सवत आणायची तर माणसाची आणायची हुती. निदान स्वैपाकाला हात लागला असता."

पण वहाणा काय, पाणी काय, या किरकोळ बाबी. खरी बाब नमस्काराची.

मालक देवळाला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नसत. तो दोन्ही हातांनी आणि डोळे मिटून. मोटार चालू असतानासुद्धा. देऊळ दिसलं, की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले जात, छातीशी जोडले जात, डोळे मिटत आणि ओठ हलू लागत. एरवीचा देव असला तर थोडा वेळ, जागृत असला तर जास्त. मोटार काही फार जोरात धावणारी नव्हती, पण उभीही नसे.

पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा हा प्रकार पाहून मी घाबरून गेलो. "मालक, रस्ता," मी म्हणालो.

ते डोळे मिटूनच म्हणाले, "गाडीत बसून आमचा बाप असाच नमस्कार करायचा."

"त्या गाडीला बैल होते. बैल रस्ता बघतात. हिला बैल नाहीत."

"म्हणून तर तुमाला शेजारी बसवलंय की."

तेव्हापासून माझी नेमणूक झाली. त्यांचे हात उठले, की माझा उजवा हात स्टिअरिंगवर जायचा आणि डोळे डाव्या बाजूच्या खंदकावर. देव कुठला, देऊळ केवढं, हे मी कधी पाहिलं नाही. मला मोटार चालवता येत नाही, फक्त धरता येते. मागून अक्का आधीच इशारा देत. त्यांची नजर घारीसारखी होती. झाडाआडचा कळस त्यांना दिसे, आणि त्या शांतपणे म्हणत, "देऊळ." भाजी चिरताना 'मीठ' म्हणावं तसं. मालकांचे हात वर, डोळे बंद. माझा हात स्टिअरिंगवर. असं आमचं तिघांचं एक यंत्र बसून गेलं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही शिवाचे उपासक. मग वेशीवरच्या मारुतीला कशाला?"

"घरात शिव हाय," ते म्हणाले. "पर वेशीवर पहारा मारुतीचा. पहारेकऱ्याला सलाम केल्याबिगर गावात शिरायचं म्हणजे चोर की."

आता वाघाची गोष्ट सांगतो.

उन्हाळ्यात सोलापूरचं घर दिवसा भट्टी असतं, हे सांगायला नको. दिवेलागणीनंतर अंगणात पाणी शिंपडून सगळे भाडेकरू बाहेर येऊन बसत आणि मालक आरामखुर्चीत बसून आपल्या तरुणपणातल्या वाघाची गोष्ट सांगत. लाकूड खरेदीसाठी ते बैलगाडीनं धारवाडपलीकडच्या जंगलात गेले होते. वाटेत बैल अडले. समोर वाघ. दर वर्षी गोष्ट तीच, पण वाघ तेवढाच राहत नसे. मी राहायला आलो त्या वर्षी तो आमच्या उंबऱ्यापासून उखळापर्यंत होता. पुढच्या वर्षी त्याची शेपटी जिन्यापाशी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी शेपटी रस्त्यावर पडली असती आणि टांगेवाल्यांची अडचण झाली असती. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "वाघ वाढत असतो की, हिशेबनीस. गिरणीचा भोंगा हाय का तो, रोज तेवढाच असायला?"

गोष्टीच्या ऐन टोकाला एक जागा यायची. "त्यानं माझ्याकडं बघितलं," असं म्हणून ते थांबत, डोळे मिटत आणि हात जोडत. आम्हाला वाटे, गोष्टीला रंग भरतायत. पोरं श्वास रोखून बसत. मग डोळे उघडून ते म्हणत, "आणि गेला."

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही हकिगत. एका संध्याकाळी गोष्टीतला वाघ नेहमीसारखा येऊन गेला. अक्का सुपात शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. सूप पाखडून त्या म्हणाल्या, "वाघ, वाघ. लग्नाला इतकी वर्सं झाली, मला एक रानमांजर दावलं न्हाई तुमी."

"दावू की."

"कवा? मोटार हाय न्हवं दारात? माझ्या गोठ्यात बसून पेंड खातीया. चला, दावा वाघ."

मालक हसले. अक्का हसल्या नाहीत. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वाघ दिसला न्हाई, तर मोटार जाईल आणि माझी म्हैस घरी येईल. दिसला, तर मरेस्तवर म्हशीचं नाव काढणार न्हाई. तुपाच्या बरणीला बी काय बोलणार न्हाई."

सगळ्या भाडेकरूंसमोर हे बोलणं झालं. मालकांना 'नको' म्हणायला जागा राहिली नाही. त्यांच्या वाघाची अब्रू आणि मोटार अशी दोन्ही एका दाव्याला बांधली गेली. त्यांनी अंधारात गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ठरलं."

"साक्षीला हिशेबनीस," अक्का म्हणाल्या. "ते वाघ असला तरच वाघ म्हणतील. अर्धा दिसला तर अर्धा म्हणतील."

मी रजा काढली. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बांधून दिला आणि बजावलं, "वाघ दिसला तर त्याचे पट्टे मोजत बसू नका."

वैशाखात, जेव्हा शहाणी माणसं दारं लावून घरात बसतात, तेव्हा आम्ही तिघं पहाटे विजापूरच्या रस्त्याला लागलो. हँडल मारणं हेही माझंच काम होतं. हँडलाला आमची मोटार पहिल्या झटक्यात कधी दाद देत नसे. मी घामाघूम होईपर्यंत ती ऐकत नसे आणि मग उपकार केल्यासारखी खोकत सुरू होई.

टाकळीला भीमेचं पात्र नुसतं वाळूचं होतं. मोटार त्या वाळूत रुतली, तेव्हा पलीकडच्या वस्तीतून दोन बैलजोड्या आणून तिला जुंपाव्या लागल्या. मालक स्टिअरिंगवर ताठ बसून रबरी भोंगा वाजवत होते, म्हणजे ओढून नेतायत असं मोटारीला वाटू नये. मध्येच पलीकडच्या काठावर देऊळ दिसलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि माझा हात पुढे येतो आहे हे न बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता बैल हायत."

विजापूरच्या आधी कितीतरी मैलांवरून गोल घुमट दिसायला लागतो. तो दिसताच त्यांचे हात उठले.

"देऊळ न्हाई ते," मागून अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं का देऊळ?"

"एवढं मोठं बांधलंय, म्हणजे आत कुणीतरी मोठं असणारच की," मालक म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. घुमट काही लवकर सरत नाही. त्या दिवशी मी मोटार जेवढी धरली, तेवढी मालकांनी चालवली नसेल.

वाटेतली लहान गावं मला अजून आठवतात ती त्यांच्यामुळं. कुठंही थांबलं, की ते आधी तिथल्या सुताच्या दुकानात शिरत, धागा दोन बोटांत धरून ओढत, मान हलवत आणि काही न घेता बाहेर येत. दुकानदाराला वाटे, कोणी सरकारी माणूस आहे. एका ठिकाणी आम्हाला त्यामुळं फुकट सरबत मिळालं. मी पैसे द्यायला निघालो, तर मालक कानात म्हणाले, "दिलं तर त्याला संशय येईल." कृष्णा नावेतून ओलांडली. नावेत मोटार चढवताना अक्का म्हणाल्या, "बुडली तर म्हैस पोहून निघती." मालकांनी समईला हात लावला.

घोटाळा झाला तो जंगलाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात.

तिथं आम्ही सकाळी एका घराच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. निघताना पाहिलं, तर पायरीवर पेट्रोलचा नवा डबा बांधलेला. म्हणून आम्ही तिघांनी आपल्या वहाणा काढून ओट्यापुढं जमिनीवर ओळीनं मांडल्या. डबा जरा सरकवायचा, मग वहाणा वर ठेवायच्या, असं ठरलं. तेवढ्यात सहज म्हणून मी हँडल मारलं, आणि मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली.

असं आजवर कधी घडलं नव्हतं. मालक ओरडले, "बसा, बसा! तिचा विचार बदलायच्या आत बसा!" आम्ही जीव घेऊन आत उड्या मारल्या. मोटार अशी सुरेख चालली होती की पुढं कोणी उतरायचं नाव काढलं नाही. दुपारी जंगलखात्याच्या बंगल्यापाशी थांबलो, उतरायला पाय बाहेर काढले, आणि तापलेल्या मातीनं सगळा हिशेब सांगितला.

तिथला वनरक्षक एक वयस्क, कमी बोलणारा माणूस होता. परवानगीची चिठ्ठी पाहून तो म्हणाला, "वाघ आहे. काल ओढ्यावर होता. मचाण बांधलंय. फक्त आत अर्धा मैल पायवाटेनं चालावं लागेल. काटे फार आहेत, बांबूचे खुंटही आहेत." मग त्यानं आमच्या पायांकडं पाहिलं. आधी मालकांच्या, मग माझ्या. अक्कांनी लुगड्याची किनार पायांवर ओढली.

"वहाणा?"

"मागच्या गावात हायत," मालक म्हणाले.

वनरक्षकानं भस्माचे पट्टे पाहिले, समई पाहिली. "देवदर्शनाला आलात का वाघ बघायला?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मालकांनी उपरणं फाडून दोन्ही पायांना गुंडाळलं आणि पायवाटेला लागले. मी मोजली नाहीत, पण फार पावलं गेले नसतील. परत आले तेव्हा बोटातून रक्त येत होतं. अक्कांनी काटा काढला. त्यांच्या तोंडावर मला विजय दिसला नाही, पण काटा काढायला त्यांनी वेळ घेतला एवढं खरं. माझी रजा संपत होती. दुसऱ्या सकाळी निघायलाच हवं होतं. म्हणजे वाघ आपण होऊन मोटारीपर्यंत आला तरच.

संध्याकाळी आम्ही मोटारीतूनच जंगलाच्या कच्च्या रस्त्यानं फिरलो. एक रानकोंबडा दिसला. माकडं दिसली. मालकांनी एका वारुळाकडे बोट दाखवून "ते बघ" म्हटलं. अक्का म्हणाल्या, "वारूळ हाय." मालकांचा आवाज खाली खाली येत गेला. चढावर ते 'बा तायी'सुद्धा म्हणाले नाहीत. मोटार तरीही चढली, आणि हे पाहून त्यांना आणखीच वाईट वाटलं असावं. एकदा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला द्यायची झाली तर पाण्याचं सांगावं लागंल." मी 'हो' म्हणालो. एरवी मी अशा वेळी काहीतरी आकडा सांगितला असता. तेव्हा सुचला नाही.

बंगल्याकडं परत वळलो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. रस्ता अरुंद, डाव्या अंगाला खोल खंदक. एका वळणावर मागून अक्का म्हणाल्या, "देऊळ."

आवाज नेहमीचाच. मालकांचे हात उठले, डोळे मिटले. माझा उजवा हात स्टिअरिंगवर गेला आणि डोळे खंदकावर. मोटार गचके खाल्ल्यासारखी हळू झाली आणि बंद पडली. एकाएकी फार शांत झालं. एक उग्र वास आला आणि वाळलेली पानं वाजली. मी खंदकावरची नजर काढली नाही. माझं काम तेवढंच होतं.

थोड्या वेळानं अक्का म्हणाल्या, "गेला."

मालकांनी डोळे उघडले. "कोण गेला?"

"वाघ."

मालकांनी समोर पाहिलं. रिकामा रस्ता होता. उजव्या बाजूच्या करवंदीची एक फांदी हलत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हिशेबनीस?"

"मी खंदक बघत होतो," मी म्हणालो.

ते सबंध मागे वळले. "मग तू देऊळ का म्हणालीस?"

"तोंडात तेच आलं," अक्का म्हणाल्या. "चार दिस झाले, रस्त्यात काय दिसलं की देऊळच म्हणतीया मी." पदराचं टोक त्यांनी तोंडावर धरलं होतं. ते वासामुळं धरलं होतं की कशामुळं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"कसा होता?"

अक्का विचार करून बोलल्या. "आपल्या म्हशीहून बुटका. पर चाल तीच. घाई न्हाई. रस्ता आपल्या बापाचा असल्यागत. मधोमध थांबला, तुमच्याकडं बघितलं. तुमी हात जोडून बसलावता. मग गेला. एक कान फाटका हाय त्याचा." मग जरा थांबून म्हणाल्या, "शेपटी काय रस्त्याभर न्हवती."

आता परिस्थिती अशी झाली, की ज्याला वाघ दाखवायचा होता त्यानं तो पाहिला नाही, ज्याला साक्ष द्यायची होती त्यानंही पाहिला नाही, आणि जिनं पाहिला तिनं 'नाही' म्हटलं असतं तर तिची म्हैस घरी येत होती. हे अक्कांना कळत होतं. मालकांनाही कळत होतं. दुसऱ्या सकाळी वनरक्षकानं त्या वळणावर धुळीतले पंजे दाखवले, त्यामुळं माझी साक्ष पंजांपुरती पुरी झाली. पण 'वाघ' हा शब्द आदल्या संध्याकाळी अक्कांनी उच्चारला होता, पंजे दिसायच्या आधी.

तरी मालक कबूल होईनात. "मी कुटं दावला? मी तर डोळे मिटले होते."

"तुमीच आणलं की हितं."

"आणलं म्हणजे दावलं न्हवं. मी हरलो."

"मी बघितला. तुमी जिंकला."

दोघं एकमेकांच्या बाजूनं भांडत होते आणि मधे मी बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मोजता येऊ नये असं मला वाटलं.

त्याच सकाळी, निघायच्या आधी, मालक उतरून मोटारीला माठातलं सोलापूरचं पाणी पाजू लागले. तेव्हा अक्कांनी हळूच विचारलं, "आणि तवा? तरुणपणी बघितला तवा डोळे उघडे होते का?"

पाणी ओतायचं थांबलं.

"वास आला होता," ते म्हणाले. "लई उग्र. बैल थांबले होते. पानं वाजली. भ्यालो, म्हणून हात जोडले."

"काल वास आला का?"

"आला की."

"तोच?"

"तोच."

"मग वाघच होता तो," अक्का म्हणाल्या. "तवा बी. आता चला, पाय भाजतायत."

शेवटच्या गावात परत आलो, तर आमच्या वहाणा ओट्यापुढं तशाच ओळीनं होत्या. कोणीतरी शेजारी पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवला होता. ते घर एका मास्तरांचं निघालं. ते बिचारे मेटाकुटीला आले होते. दारात तीन जोड पाहून सगळ्या आळीला वाटलं, मास्तरांकडे पाहुणे उतरलेत. कोणी दूध आणून दिलं, कोणी 'पाहुणे अजून झोपलेत का' म्हणून चौकशी केली. रात्री मास्तरांनी स्वतः कंदील घेऊन सगळं घर शोधलं होतं. "तुम्ही होतात तरी कुठं?" त्यांनी आम्हालाच विचारलं. मालकांनी खरं सांगितलं. मास्तरांना ते पटलेलं दिसलं नाही. दूध मात्र आम्हाला पाजलं. आमच्याच नावानं आलेलं होतं ते.

सोलापुरात पोचल्यावर अक्कांनी शब्द पाळला. होटगीची बरणी आली, त्यांनी ती मुकाट्यानं उघडली आणि फळीवर ठेवली. मालकांच्या घशाखाली घास गेला नाही. बोलणं होतं तोवर त्यांना जेवता येत होतं. न बोलणं त्यांना सोसेना. दुसऱ्याच सकाळी ते मला उठवायला आले. "चला, हिशेबनीस. हँडल मारा."

आम्ही होटगीला गेलो. येताना मोटारीच्या मागच्या बाजूला दाव्यानं म्हैस बांधलेली होती. ती तिच्या चालीनं चालली आणि मोटारीला तिच्या चालीनं चालावं लागलं. घाई नाही, रस्ता आपल्या बापाचा असल्यागत. वाटेतल्या प्रत्येक देवळाला मालकांनी पोटभर नमस्कार केला. मी धरायला हात पुढं केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. म्हैस हाय." मागं बांधलेल्या म्हशीचा स्टिअरिंगला काय उपयोग, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

गोठा म्हशीला मिळाला. मोटार बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली आली आणि तिच्या भस्माच्या पट्ट्यांवर कावळे बसू लागले. ती पुढं पुष्कळ वर्षं होती. आधी चालत होती, नंतर नुसती होती. वहाणा काढल्याशिवाय मात्र तिच्यात कोणाला बसू दिलं नाही, चाकं निघाल्यावरसुद्धा.

उन्हाळ्याच्या रात्री पोरं वाघाची गोष्ट मागत, तेव्हा मालक म्हणायचे, "अक्काला विचारा. तिनं बघितलाय." आपला जुना वाघ त्यांनी पुन्हा कधी अंगणात आणला नाही. अक्का सूप खाली ठेवून सांगायच्या. त्यांचा वाघ दर वर्षी म्हशीहून बुटकाच राहिला आणि त्याचा एकच कान फाटका राहिला. मी लक्ष ठेवून होतो.

गोष्ट त्या वळणावर आली, की अक्का थांबत आणि नेहमीच्या आवाजात म्हणत, "देऊळ."

आरामखुर्चीत मालकांचे डोळे मिटत आणि दोन्ही हात छातीशी जात. आणि शेजारच्या चटईवर बसल्या बसल्या माझा उजवा हात आपोआप पुढं होई.